मूल लहान असताना चित्रकाम चालू ठेवण्याचा क्रम : कोकणातील चित्रकर्तींसाठी

मूल झाल्यावर चित्रकाम पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या बहुतेक जणी वेळापत्रकापासून सुरुवात करतात. भिंतीवर कागद लागतो, त्यावर ‘सकाळी १० ते १ : काम’ असे लिहिले जाते आणि बाळाचा ताप, अचानक आलेले पाहुणे किंवा दिवसभर गेलेली वीज यांपैकी कशाने तरी आठवड्याच्या आत तो कागद निकामी होतो. मग ‘जरा मोठे होऊ दे, अंगणवाडीत जायला लागले की बघू’ असे म्हणता म्हणता वर्षे सरतात. क्रम उलटा धरल्यामुळे हे होते. तास सर्वांत शेवटी ठरवायचे असतात. त्याआधी कामाचे तुकडे पाडावे लागतात, माध्यम तपासावे लागते, वर्षाची आखणी करावी लागते, साहित्य आणि जागा सांभाळावी लागते. एवढे झाले की रोज जो काही पाऊण तास हाती लागेल, त्यात काम पुढे सरकते.

पुढील टप्पे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. चार महिन्यांचा पाऊस, गणपती-शिमग्याला भरणारी घरे आणि मुंबईतील कलादालनांपासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी धरून आखणी केली नाही, तर ती इथे टिकत नाही.

## पूर्वतयारी : सातव्या महिन्यापर्यंत उरकायची कामे

मूल आधीच झालेले असेल, तर पहिले काही आठवडे याच कामांना द्यावेत आणि तोवर नव्या चित्राला हात घालू नये.

पहिले काम अर्धवट चित्रांच्या छाननीचे. जी एक-दोन बैठकांत पुरी होण्यासारखी आहेत ती पुरी करावीत. बाकीच्यांची छायाचित्रे काढावीत, प्रत्येकाच्या पाठीमागे पुढे काय करायचे ते पेन्सिलीने लिहावे आणि ती नजरेआड ठेवावीत. अर्धवट चित्रांचा ढीग समोर राहिला, तर बाळंतपणानंतरची पहिली बैठक ‘यातले कोणते घेऊ’ या विचारातच संपते.

दुसरे काम नोंदवहीचे. प्रत्येक चित्राचे शीर्षक, माध्यम, सेंटिमीटरमधील उंची आणि रुंदी, वर्ष, किंमत आणि ते सध्या कोठे आहे हे एका वहीत यावे. सोबत प्रत्येकाचे चांगले छायाचित्र काढावे. त्यासाठी थेट ऊन नसलेली खळ्यातील किंवा अंगणातील सावली पुरेशी असते; चित्र उभे टेकवावे, कॅमेरा त्याला समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. छायाचित्रांच्या दोन प्रती दोन ठिकाणी साठवाव्यात, कारण मुलाच्या हातून फोन पाण्यात पडणे ही घराघरातली गोष्ट आहे.

तिसरे काम दालनाच्या अर्जाचे. ज्या काळात एक ओळ काढायला फुरसत नसते, त्याच काळात प्रदर्शनाचा अर्ज करायला सांगणे अनेकींना विचित्र वाटते. तरीही तो आत्ताच करावा. १९५२ पासून चालू असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी तारीख मिळायला काही वर्षे थांबावे लागते. आज अर्ज केला, तर तारीख येईपर्यंत मूल शाळेत जाऊ लागलेले असेल. मूल शाळेत गेल्यावर अर्ज केला, तर तेवढीच वर्षे पुन्हा थांबावे लागेल.

तपासणी : नोंदवही घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी आणि तिच्या आधारे एखादे चित्र शोधून आणायला सांगावे. त्यांना ते सापडले नाही, तर नोंदी अपुऱ्या आहेत.

## टप्पा १ : कामाचे तुकडे पाडा

लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच सर्वाधिक वेळा वगळला जातो. ‘चित्र काढायचे आहे’ हे काम नव्हे. त्यात वीस-पंचवीस वेगवेगळी कामे दडलेली असतात. ती कागदावर उतरवून तीन गटांत लावावीत.

डोक्याची कामे म्हणजे रचना ठरवणे, रंगसंगती बसवणे, छायाप्रकाशाचा निर्णय घेणे, चेहरा किंवा हात यांसारखा नाजूक भाग रंगवणे. यांना शांतता आणि ताजे डोके लागते. हाताची कामे म्हणजे जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) थर देणे, पार्श्वभूमी भरणे, रेखांकन मोठे करून उतरवणे, एकसारख्या रेषा ओढणे. निर्णय आधी झालेला असल्याने मध्येच उठावे लागले तरी नुकसान होत नाही. तिसरा गट हमालीचा : कागद कापणे, ब्रश धुणे, चौकटीवाल्याकडे जाणे, पत्रे पाठवणे, पावत्या लावणे.

समजा, हर्णै बंदरावरील संध्याकाळच्या मासळी लिलावाचे ६० बाय ९० सेंटिमीटरचे चित्र करायचे आहे. बंदरावर जाऊन रेखाटने करायला दीड तास लागेल, त्या वेळी मूल वडिलांच्या कडेवर असेल. घरी चार छोट्या चौकटींत रचना करून पाहायला अर्धा तास लागेल. निवडलेली रचना कॅनव्हासवर उतरवायला पाऊण तास पुरेल आणि हे हाताचे काम आहे. वाळू, समुद्र आणि आकाश यांचे पहिले पातळ थर तीन वेगळ्या बैठकांत देता येतील. माणसांचे घोळके, टोपल्या आणि होड्यांच्या नाळा (पुढची टोके) यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र बैठक द्यावी. शेवटच्या दुरुस्त्या मात्र एकाच सलग बैठकीत कराव्या लागतील. ती एकच मोठी बैठक आधीपासून मागून ठेवावी. एवढे लिहिल्यावर लक्षात येते की चित्राला लागणाऱ्या वेळातील सलग, निर्वेध वेळ फार थोडा आहे.

यानंतर एक नियम कटाक्षाने पाळावा : मुलाची दिवसातील पहिली झोप डोक्याच्या कामाला द्यायची. नेहमीची चूक अशी की बाळाचा डोळा लागताच आई आधी टेबल आवरते, ब्रश शोधते, ट्यूबची घट्ट बसलेली टोपणे उघडते, दुपटी वाळत घालते आणि रंगात ब्रश बुडवेपर्यंत पाळण्यातून आवाज येतो. हमालीची कामे मूल जागे असताना, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. उद्याच्या तुकड्याला लागणारे रंग आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत कालवून ठेवावेत आणि प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून ‘वाळू, सावलीतली’, ‘वाळू, उन्हातली’ असे लिहावे. ॲक्रिलिक असल्यास वरून पाण्याचा हलका फवारा मारून झाकण लावल्यावर रंग काही दिवस चांगला राहतो.

उठण्यापूर्वी शेवटची दोन मिनिटे लिहिण्यासाठी राखून ठेवावीत. ईझलच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पुढचा हात कोठे मारायचा ते लिहावे : ‘डावीकडची होडी : नाळेखालची सावली थंड करणे’. ‘होडी पूर्ण करणे’ असे मोघम लिहिले, तर दुसऱ्या दिवशी चित्रासमोर बसून पुन्हा सुरुवातीपासून विचार करावा लागतो.

शिल्पकार किंवा धाग्यात, तारेत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अमेरिकन शिल्पकार रूथ असावा (१९२६–२०१३) यांनी सहा मुले वाढवत असताना घरातच तारेची विणलेली शिल्पे केली. कोणत्याही फासापाशी थांबता येते आणि तिथूनच पुढे विणता येते, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा होता.

तपासणी : यादीतील कोणताही तुकडा घ्यावा आणि ‘मी हे दोन मिनिटांत थांबवू शकते का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर तो तुकडा अजून मोठा आहे किंवा माध्यम चुकीचे आहे.

## टप्पा २ : माध्यम आणि त्यातील विषारी घटक तपासा

गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजण्याच्या काळात सुक्या रंगभुकट्या, फवाऱ्याचे फिक्सेटिव्ह (रेखाटन पुसू नये म्हणून मारायचा द्रव), रेझिन, थिनर, टर्पेंटाइन आणि मुद्राचित्रणातील आम्ल यांपासून दूर राहावे. मातीकाम करणाऱ्यांनी वाळलेली शाडू किंवा इतर माती कोरडी घासू नये. ओल्या स्पंजाने पुसून गुळगुळीत करावी, कारण त्रास मुख्यतः श्वासातून जाणाऱ्या बारीक धुळीचा असतो. गणपतीच्या शाळेत हात लावायला जाणाऱ्यांनी फवारायंत्राने रंग मारण्याचे काम त्या वर्षी दुसऱ्या कोणाला द्यावे.

ट्यूबवरील रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचायची सवय लावून घ्यावी. पी.डब्ल्यू. १ म्हणजे शिशाचा पांढरा. तो घरात नको. त्याऐवजी पी.डब्ल्यू. ६, म्हणजे टायटॅनियमचा पांढरा घ्यावा. पी.आर. १०८ आणि पी.वाय. ३५ हे कॅडमियमचे लाल आणि पिवळे रंग आहेत. नावापुढे ‘ह्यू’ असे छापलेले असेल, तर साधारणपणे त्या रंगात मूळ धातूऐवजी पर्यायी रंगद्रव्य असते. आपल्या सर्व ट्यूबची यादी करून ती प्रसूतितज्ज्ञांना दाखवावी. ‘रंग चालतील का?’ असा मोघम प्रश्न विचारला, तर उत्तरही मोघमच मिळते.

तैलरंग सोडवतच नसतील, तर पाण्यात मिसळणारे तैलरंग बाजारात मिळतात. तरीही मूल रांगते असेपर्यंत ॲक्रिलिक, गवाश (अपारदर्शक जलरंग), जलरंग, शाई किंवा पेन्सिल यांवर काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. टर्पेंटाइनच्या वासाचा प्रश्न खिडकी उघडून थोडा सुटतो. टर्पेंटाइनच्या डब्याचा प्रश्न सुटत नाही.

इशारा : टर्पेंटाइन किंवा थिनर पाण्याच्या, सरबताच्या अथवा तेलाच्या जुन्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलाने ते प्यायल्याचा संशय आला, तर उलटी करवू नये. द्रव फुप्फुसात जाऊन अधिक अपाय होतो. बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इशारा : जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली, तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत आणि तो डबा घराबाहेर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.

ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय असेल, तर ती आता मोडावी. कामाचा सदरा वेगळा ठेवावा आणि बाळाला जवळ घेण्यापूर्वी तो उतरवून, हात नखांपर्यंत साबणाने धुवावेत.

## टप्पा ३ : वर्ष ऋतूंप्रमाणे आखा

बारा महिने सारखेच काम करण्याचा संकल्प कोकणात पहिल्याच आषाढात मोडतो. त्यापेक्षा टप्पा १ मधील तीन गट ऋतूंवर बसवावेत.

जून ते सप्टेंबर हा काळ लहान रेखाटने, रचनांची तयारी, संगणकावरील काम, अर्ज आणि हिशेब यांचा आहे. प्रकाश कमी, वीज बेभरवशाची, कागद दमट. घरची शेती असेल, तर जुलैची लावणी त्यात येतेच. गणपतीच्या आधीचा पंधरवडा आणि नंतरचा आठवडा आखणीतून सरळ वगळावा. तेवढ्या दिवसांत घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि त्या गर्दीत काम करण्याचा हट्ट धरला, तर चित्रही होत नाही आणि सणही पदरात पडत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. हवा कोरडी, प्रकाश स्वच्छ, बाहेर बसून रंगवता येते, मुलाला खळ्यात खेळायला सोडता येते. मोठी चित्रे, नाजूक भाग आणि शेवटच्या सलग बैठका याच चार महिन्यांत याव्यात. लग्नांची आमंत्रणेही याच काळात येतात, तेव्हा कोठे जायचे आणि कोठे फक्त आहेर पाठवायचा हे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे. भातकापणीमुळे ऑक्टोबर हातचा जातो, असे धरून चालावे. मार्चमध्ये शिमगा आणि पालख्या. एप्रिल-मे महिन्यांत आंबा, सुट्टी आणि पाहुणे. हे तीन महिने निर्मितीपेक्षा विक्रीचे आहेत. गणपतीपुळे, तारकर्ली, मालवण, गुहागर, अलिबाग, दिवेआगर इथे येणारे पर्यटक लहान, सुटसुटीत, बॅगेत मावणारी चित्रे घेतात. ती हिवाळ्यातच करून ठेवलेली असावीत.

सर्रास होणारी चूक म्हणजे ‘मे महिन्यात भावजय येईल, मुलांना बघेल, तेव्हा मोठे चित्र घेईन’ हा बेत. भावजय येते, पण तीही सुट्टीवर आलेली असते.

## टप्पा ४ : दमट हवेपासून साहित्य वाचवा

मूल लहान असताना साहित्याकडे रोज पाहणे होत नाही आणि तेवढ्यात बुरशी आपले काम करते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो आणि पावसाळ्यात किनारपट्टीवर ती बहुधा ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणून पुढील गोष्टी मेच्या अखेरीपर्यंत, पहिली सर येण्याआधी कराव्यात.

जलरंगाचा कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जेल नारिंगी रंगाचे घ्यावे, कारण निळ्या प्रकारात कोबाल्टचे संयुग असते. आणि कोणतेही असले, तरी पुड्या मुलाच्या हाती लागता कामा नयेत. ओले झालेले जेल तापवून पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. कॅनव्हास आणि चौकटीतील चित्रे चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. जांभा पाणी धरतो आणि भिंत वरून कोरडी दिसली, तरी चित्राच्या पाठीवर आठवड्याभरात पांढरी जाळी उमटते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, जमिनीपासून उंच, लाकडी फळीवर ती उभी ठेवावीत. वाळवीसाठी फळीचे पाय महिन्यातून एकदा पाहावेत.

कागद वापरण्याआधी एक परीक्षा करावी. कागदाच्या कोपऱ्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि तिरप्या नजरेने त्याच्याकडे पाहावे. चांगल्या कागदावर थेंब फुगीर राहतो आणि त्याच्या कडेवर खिडकीचा प्रकाश चमकताना दिसतो. कागदाची खळ उतरली असेल, तर थेंब टेकताक्षणी बसतो, त्याच्याभोवती काळसर ओलसर कडे पसरते आणि टीपकागदासारखा तो आत शोषला जातो. अशा कागदावर आकाशाचा सपाट थर दिला, तर त्यात ठिकठिकाणी गडद ठिपके उठतात आणि हाती आलेला दुर्मीळ पाऊण तास वाया जातो. तो कागद टाकून मात्र देऊ नये. पेन्सिल, कोळसा किंवा जेसो लावून ॲक्रिलिकसाठी तो चालतो.

इशारा : बुरशी आलेले चित्र घरात झटकू नये आणि ओल्या फडक्याने पुसू नये. कोरड्या दिवशी बाहेर नेऊन, तोंडावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने ती काढावी. त्या वेळी मूल घरात दुसऱ्या कोणाजवळ असावे.

## टप्पा ५ : जागा ठरवा

स्वतंत्र स्टुडिओ हवाच, असे नाही. जिथे काम अर्धवट पसरलेले सोडून उठता येईल आणि परत येऊन ते तसेच सापडेल, अशी जागा हवी. जेवणाच्या टेबलावर चित्र काढणे इथेच बारगळते. दर वेळी मांडामांड आणि आवराआवर यांत अर्धी बैठक जाते. पडवीचे एक टोक, मांगराचा कोपरा किंवा माळ्याखालची खोली, यांपैकी काहीही चालेल.

माजघर आणि आतल्या खोल्या अंधाऱ्या असतात. कौलारू घर असल्यास उत्तरेकडच्या उतारावरील चार-पाच कौलांच्या जागी काचेची कौले बसवून घ्यावीत. वरून बराचसा सारखा प्रकाश मिळतो. पावसाळ्यासाठी आणि रात्रीसाठी दिवसाच्या प्रकाशासारखा, सी.आर.आय. (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० किंवा त्याहून अधिक असलेला एलईडी दिवा घ्यावा. साध्या दिव्याखाली जुळवलेले हिरवे सकाळी वेगळेच दिसतात.

दाराला गुडघ्याच्या बरेच वर येईल असे जाळीचे अर्धे दार बसवावे. मूल दिसते, त्याला आई दिसते, पण ते आत येत नाही. रंग, कटर, डिंक आणि पिना उभ्या माणसाच्या खांद्याच्या वरच्या फळीवर ठेवाव्यात. चालू लागलेल्या मुलासाठी दाराबाहेर त्याची स्वतःची पाटी, खडू आणि जुने कागद ठेवावेत.

तपासणी : जमिनीवर मुलाच्या उंचीला बसून चारी बाजूंना हात लांबवून पाहावे. हाताला जे जे लागेल, ते वर जायला हवे.

## टप्पा ६ : माणसे आणि मग तास

आता वेळेकडे वळावे. पहिले सहा महिने बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असते आणि दर दोन-तीन तासांनी प्यायला उठते. त्या काळात दिवसाकाठी एका तुकड्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. पहिला सव्वा महिना तर काहीच ठरवू नये. उशाशी वही-पेन्सिल असली, म्हणजे झाले. नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदेशीर हक्क आहे. स्वतंत्र काम करणाऱ्या चित्रकर्तीला कोणी रजा देत नाही, म्हणून तिने आपली रजा स्वतः लिहून काढावी आणि ती कधी संपणार ती तारीखही लिहावी.

मदत मागताना ‘जरा बाळाकडे बघाल का?’ असे विचारू नये. ‘जरा’ या शब्दाने काम कधी सुरू होते आणि कधी संपते ते कोणालाच कळत नाही. सासूबाईंशी बोलताना वेळ, जबाबदारी आणि हाक मारण्याचे कारण या तिन्ही गोष्टी स्पष्ट असाव्यात : “आई, साडेदहा ते बारा बाळ तुमच्याकडे राहील. खिमटी करून ठेवली आहे. नुसते रडले तर हाक मारू नका, ताप आला किंवा पडले तर लगेच मारा. बाराला मी स्वतः येते.” आणि बाराच्या ठोक्याला खरोखरच उठावे. साडेबारापर्यंत ताणले, तर पुढच्या आठवड्यात साडेदहाला कोणी मिळत नाही.

नवऱ्याकडून मदतीऐवजी ठरलेले काम मागावे. आठवड्यातील एक पूर्ण सकाळ, मुलाच्या आंघोळीपासून जेवणापर्यंत, त्याच्याकडे असावी. “अहो, डबा कुठे आहे?” अशी विचारणा उलट्या दिशेने होऊ लागली, की वाटणी नीट झाली, असे समजावे. सासर-माहेर दोन्ही लांब असेल, तर वाडीतील दुसऱ्या आईशी अदलाबदल करावी : मंगळवारी तिचे मूल आपल्याकडे, शुक्रवारी आपले तिच्याकडे. तीन वर्षांनंतर अंगणवाडीचे काही तास मिळतात. ते पहिल्या दिवसापासून हमालीच्या कामांना देऊन टाकू नयेत.

इशारा : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे वर्ग घेणे हा तालुक्याच्या गावी हमखास उत्पन्नाचा मार्ग आहे, पण चित्रकाम मुलापेक्षा या वर्गांनीच अधिक खाल्लेले दिसते. आठवड्यातील दिवसांची आणि विद्यार्थ्यांची मर्यादा आधी ठरवावी. डोक्याच्या कामाची वेळ वर्गाला कधीही देऊ नये.

## टप्पा ७ : नाव, हिशेब, किंमत

लग्नानंतर आडनाव बदलले असेल, तर चित्रावरची सही कोणत्या नावाची, हे एकदाच ठरवावे आणि ते पुन्हा बदलू नये. दोन नावांनी दोन कारकिर्दी चालवणे कोणालाच परवडत नाही. पॅन कार्ड आणि बँक खाते वेगळ्या नावाचे असेल, तर पावतीवर दोन्ही नावे लिहावीत : सहीचे नाव वर, खात्याचे नाव खाली. खाते स्वतःचे, एकटीचे असावे.

किंमत ठरवताना साहित्य आणि चौकट यांचा खर्च धरला जातो. मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार मात्र ‘घरखर्च’ म्हणून सोडून दिला जातो. तो चित्राचा खर्च आहे आणि तो किमतीत आलाच पाहिजे. प्रति चौरस इंच दर ठरवण्याची पद्धत सोयीची आहे. दालनाचा वाटा बहुधा तीस ते पन्नास टक्के असतो, तेव्हा तो धरूनच एक किंमत काढावी आणि घरी, दालनात, रिसॉर्टमध्ये तीच सांगावी. घरी येणाऱ्या ओळखीच्या माणसाला स्वस्तात दिलेले चित्र दालनवाल्याच्या कानावर लवकर जाते.

रिसॉर्टच्या किंवा होमस्टेच्या भिंतीवर चित्रे लावायला देताना यादी, किंमत, वाटा, परत न्यायची तारीख आणि ओल लागल्यास जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर लिहून दोन सह्या घ्याव्यात. परत न्यायची तारीख मेच्या आतली असावी.

## टप्पा ८ : प्रदर्शन आणि पाठवणी

बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन, कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन अशा ठिकाणी आधी छायाचित्रे किंवा एक-दोन चित्रे पाठवूनही भाग घेता येतो. मूल लहान असताना एकल प्रदर्शनापेक्षा हा मार्ग बरा. अर्जातील वयाच्या अटी आधी वाचाव्यात, म्हणजे खंड पडलेली वर्षे कोठे आड येतील ते कळते. परिचयपत्रात त्या वर्षांबद्दल सबबी लिहू नयेत. त्या काळातील रेखाटनवह्यांची तारखेसह छायाचित्रे जोडावीत.

मुंबईत आठवडाभर दालनात बसायचे असेल, तर आधी मुलाची व्यवस्था आणि मग तिकीट. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लागू असते आणि गाड्या त्या काळात सावकाश धावतात, त्यामुळे शक्यतो हिवाळ्यातील तारीख मागावी. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल, तर तिकीट लागत नाही, पण रात्रीच्या प्रवासात एका बर्थवर आई, मूल आणि चित्रांची नळी मावत नाही. मुलासाठी वेगळी जागा घ्यावी आणि चित्रे आधीच पाठवावीत. दालनाजवळ राहणे परवडत नसेल, तर दादरपासून डोंबिवलीपर्यंत कोणी ना कोणी नातेवाईक असतोच. त्यांच्याकडे उतरताना सोबत मूल सांभाळायला आई किंवा मावशी येणार असल्याचे आधी कळवावे.

कॅनव्हास गुंडाळून पाठवायचा असेल, तर रंगवलेली बाजू बाहेर ठेवावी, मध्ये बटर पेपर घालावा आणि नळी शक्य तितकी जाड घ्यावी. बबल रॅप ॲक्रिलिकच्या पृष्ठभागाला थेट लागू देऊ नये. उन्हात तापलेल्या मालमोटारीत रंग मऊ होतो आणि त्यावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात, ते पुढे जात नाहीत.

तपासणी : पाठवण्याआधी प्रत्येक चित्राच्या पाठीवर नाव, शीर्षक, माप, वर्ष आणि फोन क्रमांक असल्याची खात्री करावी. वेष्टन बांधतानाचे छायाचित्र काढून ठेवावे. वाटेत नुकसान झाले, तर भरपाईचा अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाही.

न विकली गेलेली चित्रे घरी परत आली, की कितीही थकवा असला, तरी त्याच दिवशी वेष्टन सोडावे. आत अडकलेली दमट हवा दोन-तीन दिवसांतही डाग पाडते. चित्रे फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर उभी करावीत, नोंदवहीत परत आल्याची तारीख घालावी आणि वेष्टनाचा बबल रॅप मुलाच्या हाती पडण्यापूर्वी बांधून माळ्यावर टाकावा.